लाल रेघ

१९८१ साली घोटीतून निघणारा नवा रस्ता बावीस झोपड्यांवरून जाणार होता. इंजिनिअर नकाशा घेऊन आमदार निवृत्तीशेठांच्या भातगिरणीत आले, तेव्हा मल्हारी मिस्त्री यंत्राला तेल देत होता. तांदळाच्या व्यापारातून आमदारकीपर्यंत पोचलेल्या शेठांनी ही गिरणी वीस वर्षांपूर्वी त्याच्याच हातून उभी करून घेतली होती. “झोपड्या वाचवायच्या तर रस्ता कुठून न्याल?” यंत्राच्या खडखडाटात शेठांनी विचारलं. इंजिनिअर घुटमळले. “मग साहेब, तुमची गिरणीच आडवी येते.” शेठांनी त्यांच्या हातातली लाल पेन्सिल घेतली आणि नकाशातल्या गिरणीवरून सरळ रेघ ओढली. मल्हारी त्यांच्याकडे बघतच राहिला. “शेठ, ही परत उभी राहील का?” “तू हायेस ना.” मल्हारीनं यंत्र बंद केलं. अख्खी गिरणी शांत झाली, तसा भिंतीपलीकडच्या झोपडीतून भाकरी थापल्याचा आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.