खांद्यावरची थाप

दलदलीत पक्षी बघायचे तर तोंड बंद ठेवावं लागतं, आणि मास्तरीणबाईंना नेमकं तेच जमत नसे. म्हणून त्यांच्या नवऱ्याने, घड्याळजींनी, खुणा ठरवल्या होत्या. खांद्यावर एक थाप म्हणजे डावीकडे बघ, दोन म्हणजे उजवीकडे. लांबून तळवा खाली दाबला, की हलू नकोस, अगदी जवळ आलाय.

"लग्न झाल्यापासून थापाच मारताय," बाई म्हणायच्या, आणि दोघंही हसायचे.

त्या पहाटे चहाचा थर्मास गाडीतच राहिला. घड्याळजी तो आणायला गेले. बाई दुर्बीण डोळ्यांना लावून खाडीच्या चिखलात उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मागून हात आला. त्याने घसरलेली शाल नेहमीसारखी वर ओढली आणि दोन थापा मारल्या. उजवीकडे खरंच चमच्यासारख्या चोचीचा पांढरा पक्षी उभा होता.

"आलात? किती गुणाचे हो माझे," बाई कुजबुजल्या. हात खांद्यावरच राहिला, छान उबदार.

पक्षी उडाला. त्याच्यामागे दुर्बीण फिरली ती थेट गाडीजवळच्या बांधावर थांबली. तिथे घड्याळजी उभे होते. काखेत थर्मास, डोळ्यांना दुर्बीण, रोख बाईंकडे.

त्यांनी सावकाश तळवा खाली दाबला. इतकी वर्षं घड्याळांची बारीक चाकं बसवताना एकही न सांडलेल्या त्या माणसाच्या काखेतून थर्मास निसटून पडला, आणि त्यांनी तो उचलला नाही.

बाई हलल्या नाहीत.

खांद्यावर, अगदी मायेनं, एकच थाप पडली.