जुनाच पासवर्ड

राजरत्न ऑफिसात एका कमांडवर चारशे राऊटर सेट करायचा. टॉवरमधल्या नव्या घरातला राऊटरही प्लग लावताच आपला आपणच सेट झाला.

"त्याला आपल्या चाळीतल्या वायफायचंच नाव घाल, आणि पासवर्ड पण जुनाच," त्याची आई कमलाबाई म्हणाल्या.

"आई, तो पासवर्ड अख्ख्या मजल्याला पाठ होता."

"म्हणूनच सांगतेय."

नायगावच्या चाळीत सगळा मजला कमलाबाईंच्या वायफायवर चालायचा. नेट गेलं की शेजारचे बुधाजी पहिले दारात हजर. "काय गं कमलाबाई, मेलं का तुझं वायफाय?" चाळ सोडताना मात्र गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावरून दोघांचं वाजलं. नव्या घरांच्या लॉटरीत बुधाजींना नेमकं समोरचं घर लागलं, तरी दोन महिने दोन्ही दारं बंदच होती.

राजरत्नने हाताने जुनं नाव आणि पासवर्ड टाकला. मिनिटाभरात त्याच्या मोबाईलवर, राऊटरला जोडलेल्या फोनच्या यादीत 'बुधाजीकाका' असं नाव उमटलं. काकांनी पहिला फोन घेतला तेव्हा त्यानेच त्या फोनला हे नाव देऊन ठेवलं होतं.

"आई, काकांनी आपलं वायफाय फोनमधून काढलंच नाही गं. आपोआप जोडलं गेलं."

कमलाबाईंनी ते नाव वाचलं. मग पदर खोचून उठल्या, चहाचं आधण ठेवलं, दार सताड उघडलं आणि म्हणाल्या,

"आता बंद कर तो राऊटर."