जावयाचं लॉगिन

"अजून तेच येतंय," फोनमधून जावई करवादला. "परवानगी नाही म्हणे! घर माझं, कॉम्प्युटर माझा, आणि परवानगी मलाच नाही!"

दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. जावयाने सकाळी फोन करूनच त्याला या घरी धाडलं होतं. स्वतः तो कुठल्याशा लांबच्या साइटवर. पुलाचे नकाशे मात्र या कॉम्प्युटरमध्ये अडकलेले. आज ते वरच्या साहेबापुढे ठेवले नाहीत तर नोकरी गेलीच म्हणून समज, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

"नकाशे मी मेलवर पाठवू का, साहेब?"

"ते दुसरीकडे उघडत नाहीत रे. मलाच आत यायला हवं. साधं एक लॉगिन जमत नाही तुला? मग बंद करून परत चालू कर."

"बंद नको!" मागच्या खुर्चीतून म्हातारी सासू ओरडली. "मला ते पासवर्डचं काही येत नाही. म्हणून तर लेक उघडाच ठेवून गेलीय. दुपारी नात त्यात दिसते मला."

"नात कुठे असते, आजी?"

"आईबरोबर. लेकीचं ट्रेनिंग आहे ना लांब. लांब म्हणजे कुठे ते मला नको विचारूस, गावांची नावं माझ्या डोक्यात राहत नाहीत. हा तिकडे, ती तिकडे, आणि मी इथे भिंतींशी बोलते. आता याची नोकरी गेली तर संपलंच सगळं. होईल ना रे, बाळा?"

दुरून कॉम्प्युटरमध्ये शिरायची रिमोटची सोय चालू करून झाली होती. फायरवॉलमधून वाट दिली होती. जावयाचं नाव परवानगीवाल्यांत दोनदा घातलं होतं. आता आपली लाज जाणार, हे त्याला दिसत होतं.

"आजी, लेकीला फोन लावा ना. तिला ठाऊक असेल."

"तिला नको!" जावई घाईने म्हणाला. "ती आधीच कामाने पिचलीय. तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला?"

"बघ," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "बायकोवर किती जीव!"

शेवटचा उपाय म्हणून दुरुस्तीवाल्याने सुरक्षेच्या सेटिंग उघडल्या. एरवी त्या कोपऱ्यात कोणी फिरकतही नाही. तिथे बाहेरून लॉगिन नाकारलेल्यांत एकच नाव होतं. जावयाचं.

"सापडलं, साहेब! परवानगी कितीही द्या, एकदा नकार घातला की नकारच चालतो. पण हे आपोआप होत नाही हं. कोणीतरी मुद्दाम घातलंय."

पलीकडे जावई हसला.

"बायकोच असणार. दिसेल ते बटण दाबत सुटते."

"आमच्याकडेही तेच आहे, साहेब," म्हणत दुरुस्तीवालाही हसला आणि त्याने ते नाव पुसून टाकलं. का घातलं असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. अडलेलं दार उघडायचं, एवढाच त्याचा धंदा.

"करा आता."

समोरचा पडदा निळा झाला. त्यावर कुलूप आलं. जावई आत पोचला होता.

"मी केलंय म्हणून सांगा सगळ्यांना!" दुरुस्तीवाला खुशीत आला. फोनमधून नुसती कळा दाबल्याची टकटक ऐकू येत होती. बराच वेळ.

शेवटी म्हातारीला राहवेना. ती फोनवर वाकली.

"जावईबापू, मिळाले का हो नकाशे?"

"कसले नकाशे?" जावई म्हणाला. "पोरीची शाळा सापडली, आई. इतके महिने शोधत होतो. सुटायच्या आत पोचतो आणि तिला उचलतो. तुमच्या लेकीला काय कळवायचं ते कळवा आता."