वावराची पाहणी

खोलीत सहा वस्तू होत्या: एक टेबल, एक कंदील, कुलूप लावलेलं दार आणि टेबलावर कपाशीची तीन बोंडं. एका बोंडात गुलाबी अळी दडली होती. ती सापडली की कुलूप उघडायचं. शेतकऱ्यांना बोंडअळी ओळखता यावी म्हणून कृषी खात्यातल्या पुष्पांजलीने हा खेळ बनवला होता आणि तिचे साहेब तो टॅबवर घेऊन तिच्यासह डोणगावच्या शाळेत आले होते.

भगवानरावांना खेळायचं नव्हतं. "साहेब, माह्या वावरात चला. शाळेच्या मागंच हाय. अळीनं सारी कपाशी खाल्ली. तुमी पाह्यल्याबिगर पंचनामा होत नाही."

"आधी या खोलीतून बाहेर पडा. मग लगेच वावर पाहू."

भगवानरावांनी कंदील दाबला, टेबल दाबलं, दार दाबलं.

"लाथ हाना ना दाराले, भगवानभाऊ!" मागे जमलेल्या शेतकऱ्यांतून कलीम ओरडला.

"चूप बस बे. लाथेचं बटनच नाही यात."

शेवटी तिसरं बोंड फुटलं. अळी वळवळली, कुलूप गळून पडलं, दार उघडलं. पलीकडे पांढऱ्याशुभ्र कापसाने फुललेलं शेत होतं. साहेबांनी टॅबवरच्या त्या शेताशेजारी भगवानरावांना उभं करून फोटो काढला.

"चला ना आता वावरात," भगवानराव म्हणाले.

"पाहिलं की आत्ता. छान आहे पीक," म्हणत साहेब जीपमध्ये बसले.

पुष्पांजली बसली नाही. ती भगवानरावांबरोबर शाळेमागे गेली आणि तिने वेगवेगळ्या झाडांची वीस बोंडं फोडली. अठरा बोंडांत अळी होती.