शालनताईंचं माहेरपण

“चार दिवस फार होतात हो, ताई!” दारात उभा असलेला विकासदर अधिकारी काकुळतीला आला होता. “गेल्या खेपेला तुम्ही माहेरी गेलात, तुमची पाढ्यांची शिकवणी बंद, शिवणाचा वर्ग बंद, आणि तालुक्याचा विकासदर पाव टक्क्याने घसरला!”

प्रत्येकाच्या मनगटावरचा मापक त्या माणसाचा विकासातला वाटा दशांशापर्यंत सांगे. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. शालनताई भरलेली बॅग उपसू लागल्या. मानवी भांडवलावर तीन जाडजूड ग्रंथ लिहिलेले त्यांचे यजमान, प्रोफेसर तगारे, आरामखुर्चीत मनोमन सुखावले. चला, चहाची सोय झाली!

“आणि ह्यांना सोबत नेलं तर?” ताईंनी विचारलं.

अधिकाऱ्याने प्रोफेसरांचं मनगट पाहिलं, आकडेमोड केली, आणि त्याचा चेहराच उजळला.

“मग महिनाभर राहा की!”