चौकीचं स्थळ

पोह्यांची बशी हातात आली तरी वामन हवालदार थांबेनात.

“चोर? अहो उखर्डूभाऊ, आमच्या हद्दीत चोरसुद्धा सज्जन. मागच्या पोळ्याला एकानं बैल सोडला, अंधारात रस्ता चुकला आणि रस्ता विचारायला आला कुठं, तर चौकीत! मी त्याला चहा पाजला, बैलाला पेंड घातली. सकाळी दोघंही आपापल्या घरी.”

मुलीचे वडील उखर्डू महाजन हसले नाहीत. केळीच्या व्यापाऱ्यांशी आयुष्यभर भाव करून त्यांना न हसता ऐकायची सवय लागली होती. हवालदारांच्या शेजारी नवरदेव बसला होता. ललित, त्याच चौकीचा शिपाई. तो कानाशी लागला.

“सर, ये कौन सी चौकी है?”

हवालदारांनी त्याच्या पायाचा अंगठा दाबला.

खकनारपलीकडची ती चौकी म्हणजे धर्मशाळा झाली होती. भर्ती होऊन पोरं यायची, रात्री पुस्तकं उघडायची आणि कोणी पटवारी होऊन, कोणी मास्तर होऊन चालती व्हायची. एकानं तर टोपी डोक्याला बसते का एवढंच पाहिलं, तोवर त्याचा बँकेचा निकाल लागला. चहावाल्या निंबानं नावं पाठ करणंच सोडलं. दिसेल तो ‘नवे साहेब’. जुने म्हणावेत असे एकटे वामन. त्यांची शहरात बदली मंजूर होऊन किती पाडवे गेले कोणास ठाऊक. पण वरचे साहेब एकाच गोष्टीवर अडून बसले होते. टिकणारा एक माणूस दाखव, मग सोडतो. तिकडे शहरातल्या घरून, सिंधीपुऱ्यातून, त्यांच्या बायको रजनीबाई फोनवर विचारत, “चौकी काय तुमच्यावाचून पळून जाणार आहे?” चौकी पळत नव्हती. बाकी सगळे पळत होते.

आता ललितचाही पटवारीचा पेपर तोंडावर आला होता. तेव्हा हवालदारांना लग्नाची युक्ती सुचली. लग्न झालेल्या माणसाला अभ्यास सुचत नाही, आणि सासुरवाडी हाकेच्या अंतरावर असली की तो गाव सोडत नाही, असा त्यांचा हिशोब. फक्त मुलगी मिळेना. पोलिस म्हटलं की मुलीवाले पाणी विचारायचे आणि कुंडली न बघताच ती जुळत नाही म्हणायचे. या एका घरानं ‘या’ म्हटलं होतं. म्हणून हवालदार जीव ओतून बोलत होते.

“रात्रीची ड्यूटी असंल,” उखर्डू म्हणाले.

“असते ना. झोपायची.”

“आणि सुट्टी?” आतल्या दारातून मुलीच्या आई आशाबाईंनी विचारलं. “सणावाराला माणूस घरी येतो का?”

“वहिनी, आमच्याकडे सणच चौकीत येतो. होळीला पुरणपोळ्या इतक्या येतात, की आरोपीसुद्धा नको म्हणतो.”

“राहायची सोय?”

“क्वार्टर आहे. इतकं हवेशीर, की पंखा लागत नाही.”

हे मात्र खरं होतं. क्वार्टरचं छप्पर मागच्या वादळात उडून केळीच्या बागेत पडलं होतं आणि अजून तिथंच होतं.

“मले भीती मारामारीची,” उखर्डू म्हणाले.

“उखर्डूभाऊ, मी लाठी शेवटची उचलली ती चिंचा पाडायला.”

उखर्डूंनी कप खाली ठेवला. आशाबाईंकडे पाहिलं. दोघं आत गेले. आत बराच वेळ कुजबुज चालली. हवालदारांनी डोळे मिटून घेतले. ललितनं पोहे संपवले.

बाहेर आले ते तिघं. मागं मुलगी, अमृता, हातात मावा जिलेबीचं ताट. तिनं पहिली जिलेबी हवालदारांना दिली आणि नवरदेवाकडे वर मान करूनही पाहिलं नाही. लाजते, हवालदारांना वाटलं. काम झालं.

उखर्डूंनी घसा खाकरला.

“हवालदारसाहेब, तुमच्यापासून काय लपवू. या पोरीचा पोलिस भर्तीत नंबर लागलाय. हजर व्हायची तारीख जवळ आली. मीच अडवून धरलं. म्हटलं, रात्रीबेरात्रीचं काम, जिवाला घोर. आज तुम्ही माझे डोळे उघडले. जिथं चोर चहा पिऊन जातो तिथं कसली भीती? जाऊ दे तिले.”

हवालदारांच्या हातातली जिलेबी तशीच राहिली.

“आणि... मुलगा?”

“मुलगा चांगला आहे. पण आता लग्नाची घाई काय?”

“मतलब सर, मैं फ्री?” ललितनं विचारलं आणि ताटातली आणखी एक जिलेबी उचलली. त्याचा चेहरा पेपर न देताच पास झाल्यासारखा दिसत होता.

ललित मोटारसायकल वळवत होता तेव्हा अमृता अंगणात आली.

“ट्रेनिंग झालं की तुमचीच चौकी मागून घेते, काका. तिथून हलायची नाही.”

हवालदारांचा सिंधीपुरा ट्रेनिंगपुरता लांब गेला, पण एकदाचा पक्का झाला. आणि नेमकं तेव्हाच, कधी नव्हे ते, हवालदारांना खरं बोलावंसं वाटलं.

“पोरी, आत मी जे सांगितलं ना, ते जरा...”

“माझी मैत्रीण त्याच गावची आहे, काका. चौकी मी बघितली आहे.”

हवालदार चपापले. “मग आत गप्प का बसलीस?”

तिनं मागं वळून पाहिलं. बाबा दारात उभे होते. तिनं आवाज खाली आणला.

“मी किती सांगितलं तरी बाबा ऐकेनात. म्हणून तर पोलिसाच्या स्थळाला हो म्हटलं.”