जूनमध्ये फुलणारं झाड

एडमंटनमधल्या एप्रिलच्या त्या शनिवारी मी बाजारातून परतले, तर आईनं अंगणातलं लायलॅकचं झाड बुंध्यापासून छाटून काड्यांची मोळी बांधली होती.

"वाळलं होतं गं. तेवढंच सरपण झालं."

"वाळलं नव्हतं, आई! इथली झाडं हिवाळाभर अशीच दिसतात. याला जुन्या फांद्यांवरच फुलं येतात."

"साताऱ्याच्या बाईला काय माहीत, तुमच्याकडची झाडं मेल्याचं सोंग घेतात ते!" ती हसली. मी हसले नाही. मग तिनं हळूच विचारलं, "कधी फुललं असतं?"

"जूनमध्ये."

"म्हणजे मी गेल्यावरच." पुढच्या रविवारचं तिचं परतीचं तिकीट होतं. ती माझ्याकडे बघत थांबली. तिला काय ऐकायचं होतं ते मला कळलं होतं. मी मोळी उचलून कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. हृदय झोपेतच थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर आठवडाभर दवाखान्यात, स्मशानभूमीच्या ऑफिसात, विमान कंपनीशी फोनवर मी इंग्रजीच बोलत होते. रविवारी तिच्या खोलीत गेले, दार लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, जाऊ नकोस. माझ्याकडेच राहा."